तळघरातली हवा

फर्नेस बदलायची, हे त्या घरात चार हिवाळे नुसतंच बोललं जात होतं. विनिपेगच्या जुन्या वस्तीतलं ते घर निनाद आणि ऋजुता गोगटे यांनी घेतलं, तेव्हापासून ती तळघरात उभी होती. करड्या पत्र्याच्या कपाटाएवढी. आत गॅस जळायचा, पंखा फिरायचा आणि पत्र्याच्या चौकोनी डक्टमधून गरम हवा घरभर जाऊन प्रत्येक खोलीतल्या जमिनीलगतच्या जाळीतून बाहेर पडायची. दरवर्षी कोणीतरी येऊन तिची ज्योत तपासून जायचं. डक्ट कोणी उघडून पाहिले नव्हते. निनाद म्हणायचा, "चालतेय ना? मग चालू दे."

शेवटी २०४१च्या हिवाळ्यात शहरानं घरगुती गॅस बंद करायची तारीख जाहीर केली आणि प्रश्न निकालात निघाला.

त्या फर्नेसच्या पलीकडच्या खोलीत निनादची आई राहत असे. शैलजाबाई. मिरजेच्या शाळेत त्यांनी उभी हयात मराठी शिकवलं होतं. नवरा गेल्यावर निनादनं त्यांना कॅनडात आणलं, तेव्हा वरच्या मजल्यावर मोकळी खोली होती. पण त्या म्हणाल्या, "मला खालीच बरं. वेगळं असलं की कोणाला अडचण होत नाही." म्हणून निनादनं तळघरात त्यांच्यासाठी खोली काढली. बांधणाऱ्यानं फर्नेसजवळच्या मोठ्या डक्टला भोक पाडून तिथूनच एक फाटा त्या खोलीत नेला.

'कोणाला' म्हणजे कोणाला, हे ऋजुताला ठाऊक होतं. ऋजुताचं हे दुसरं लग्न. शैलजाबाईंनी त्यावरून कधी एक शब्द काढला नाही, टोमणा मारला नाही, तिच्या हातच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही. फक्त त्या तिला 'तुम्ही' म्हणायच्या. लग्नानंतर बारा वर्षांनीही, "ऋजुता, तुम्ही चहा घेतलात का?" पाहुण्या बाईला विचारावं तसं. निनादला यात काही वावगं वाटत नसे. "आई आदरानं बोलते गं तुझ्याशी," असं तो म्हणायचा.

मग शैलजाबाईंना विसर पडू लागला. आधी डोकेदुखी, मग चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग आठवड्याचा वार, मग शेजाऱ्यांची नावं. हिवाळ्यात फार व्हायचं, उन्हाळ्यात जरा बरं. ऊन, फिरणं, बागेतली हवा यांमुळे बरं वाटत असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. नेहमीच्या स्मृतिभ्रंशाच्या खुणा रक्तात अर्ध्यामुर्ध्याच मिळाल्या. वय सत्तरीच्या पुढचं, तेव्हा तोच आजार असणार, असं ठरलं.

आणि त्या आजारात शैलजाबाई बदलल्या. ऋजुता आहारतज्ज्ञ होती, घरूनच काम करायची. त्यामुळे दुपारचा वेळ त्या दोघींचा. जेवणानंतर ऋजुता खाली जाऊन त्यांचे केस विंचरायची. पहिल्या वर्षी कर्तव्य म्हणून. मग एका दुपारी शैलजाबाईंनी मान वळवून विचारलं, "अगं, तू जेवलीस का?"

ऋजुताच्या हातातला कंगवा थांबला. तिची आई ती कॉलेजात असताना गेली होती. त्यानंतर हा प्रश्न या सुरात तिला कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी त्या 'अगं-तुगं'नं बोलायच्या. कधी तिला आपली मैत्रीण समजायच्या, कधी धाकटी बहीण, कधी खरोखर सूनच. तिचा हात गालाला लावून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तू आलीस की मला घर भरल्यासारखं वाटतं." ऋजुताला कळत होतं की हे आजाराचं बोलणं आहे. तरी ती रोज त्या वेळेची वाट पाहायची.

नवी यंत्रणा बसवायला एर्विन नावाचा फिलिपिनो तंत्रज्ञ आला. त्यानं आधी सगळं समजावून सांगितलं. गॅस नाही, ज्योत नाही. बाहेरच्या गोठलेल्या हवेतही थोडी उष्णता असतेच, ती शोषून आत आणणारा पंप. जुने डक्ट काढायचे नाहीत. त्यांत चिकट द्रव्याचा फवारा सोडायचा, तो हवेबरोबर वाहत जाऊन प्रत्येक फटीशी साचतो आणि ती बुजवतो. शिवाय प्रत्येक फाट्यात नाण्याएवढा एक संवेदक. खोलीतली हवा परत येते तिच्यात माणसाचे उच्छ्वास असतात. त्यांवरून खोलीत किती माणसं आहेत आणि त्यांना किती ऊब, किती ताजी हवा लागते, हे यंत्र ठरवतं.

"आठवडाभर संवेदक जुन्या फर्नेसवरच राहू द्या," तो म्हणाला. "घराच्या सवयी त्यांना कळू देत. मग बदलू."

आठवडा लागला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"तळघरातल्या खोलीत कोण झोपतं?"

"माझ्या सासूबाई."

"त्यांना वर घ्या. लगेच. खिडक्या उघडा, फर्नेस बंद करा. मी निघालोय."

संवेदकानं त्या खोलीच्या हवेत विषारी वायू टिपला होता. एर्विननं फर्नेसच्या मागचा पत्रा काढून दाखवला. खोलीतली हवा फर्नेसकडे परत नेणारा डक्ट सांध्यापाशी उसवला होता. फर्नेस चालू झाली की तो फर्नेसभोवतीच्या कोंदट जागेतलीच हवा ओढायचा. ती ओढ इतकी की धुराड्यातून वर जाणारा धूर उलटा खाली यायचा आणि त्या डक्टमधून ओढला जाऊन गरम हवेबरोबर पहिल्याच फाट्यात शिरायचा. पहिला फाटा म्हणजे शैलजाबाईंची खोली. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तो विरळ होऊन जात असे. भिंतीवरचं धोक्याचं यंत्र विषारी वायू ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच वाजतं. ही पातळी त्याच्या जरा खालीच राहिली. चार हिवाळे.

त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहतं, पण रिकाम्या हातानं. जास्त प्रमाणात तो माणसाला झोपेतच संपवतो. थोडा थोडा रोज मिळत गेला तर काय होतं, हे बरीच वर्षं कोणाला नीट माहीत नव्हतं. ते अलीकडेच कळलं होतं, आणि मेंदूच्या डॉक्टर ओकाफोर यांनी ते निनाद आणि ऋजुताला पडद्यावर चित्र काढून सांगितलं.

"मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या काही पेशी यात मरत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या स्वतःचं काम बंद करून पडून राहतात. कमी प्राणवायूत तगून राहण्यासाठी. नुसती चांगली हवा दिली तर त्यातल्या थोड्या जाग्या होतात. पण झोपेत काही आठवडे प्राणवायू वाढवून दिला, तर पुष्कळ जाग्या होऊ शकतात. विष थांबल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात मोलाचे. उशीर केला तर त्या पेशी कायमच्या मिटतात."

"म्हणजे आई बरी होईल?" निनादनं विचारलं.

"किती, ते सांगता येणार नाही. पण हो, त्या परत येऊ शकतात."

सोय घरातच होती. नव्या यंत्रात एक बारीक छिद्रांचा पडदा होता. हवेतला प्राणवायू वेगळा करून तो हव्या त्या फाट्यात सोडता यायचा. डक्ट नीट बुजवलेले असले की त्या खोलीतून तो कुठे निसटत नसे. शैलजाबाईंची काळजी घेणारी व्यक्ती म्हणून ऋजुताचं नाव होतं, त्यामुळे परवानगी तिनं द्यायची होती. फोनवर एक खूण दाबायची, बस.

निनाद पुलांची तपासणी करणारा अभियंता. नवी यंत्रणा बसली त्याच दिवशी त्याला उत्तरेकडच्या एका पुलासाठी निघावं लागलं. दारात बूट चढवताना तो म्हणाला, "फर्नेसचं मी टाळत राहिलो. आईचं हे माझ्यामुळे झालं." ऋजुतानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज सुरू करशील ना?" त्यानं विचारलं.

"करते."

त्या दुपारी ती खाली गेली. खोलीत स्वच्छ हवा होती, नवं यंत्र जवळजवळ आवाज न करता चाललं होतं. शैलजाबाई पलंगावर बसल्या होत्या. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आलीस? कधीची वाट बघत्येय." ऋजुतानं केस विंचरले. त्यांनी तिचा हात धरून ठेवला आणि शाळेतल्या कुठल्याशा सहलीबद्दल काहीतरी अर्धवट सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू जाऊ नकोस हं कुठे."

"नाही जात."

संध्याकाळी फोन हातात घेऊन ऋजुता स्वयंपाकघरात बसली. खूण समोर होती. उद्या करू, असं तिनं मनाशी म्हटलं. आजच तर यंत्र बसलंय, नीट चालतंय का पाहू. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःला सांगितलं की एर्विनला एकदा विचारायला हवं. एर्विनला तिनं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सबबही शोधली नाही.

निनादचा फोन रोज यायचा. "काही फरक?"

"अजून नाही."

"सुरू केलंयस ना?"

"हो," ऋजुता म्हणाली. हे खोटं किती सहज निघालं याचं तिला नंतर राहून राहून आश्चर्य वाटलं. आपण वाईट बाई नाही, असं ती आजवर धरून चालली होती. ती फक्त आणखी एक दुपार मागत होती, आणि रोजच्या रोज आणखी एक.

निनाद परतणार होता त्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आठवडा उलटून गेल्यावर, तिनं खूण दाबली. खालच्या फाट्यात एक झडप उघडल्याचा बारीकसा आवाज झाला. ती सिंकपाशी उभी राहून बराच वेळ भांडी घासत राहिली.

पहिले पंधरा दिवस काही दिसलं नाही. मग एका सकाळी शैलजाबाईंनी स्वतःच वार सांगितला. मग खिडकीबाहेरचा बर्फ पाहून म्हणाल्या, "यंदा उशिरा पडला का?" निनादला रडू फुटलं. परतल्यावर त्यानं आपला फोनही यंत्राला जोडून घेतला होता, त्यावर ते रोज आकडे पाठवायचं. ते तो ऋजुताला वाचून दाखवायचा आणि ती मान डोलवायची.

एका दुपारी ती नेहमीसारखी कंगवा घेऊन खाली गेली. शैलजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर ओळखीची होती. स्थिर, सभ्य, दार अर्धवट लावून घेतल्यासारखी.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला त्रास घेताय? मी विंचरते."

ऋजुतानं कंगवा दिला आणि जिना चढून वर आली. निनाद विचारत होता, "आज कशी आहे?"

"छान आहेत," ती म्हणाली. "अगदी पहिल्यासारख्या."

ते सर्वस्वी खरं नव्हतं. शैलजाबाईंना आता जग कळत होतं, पण वाचन जमत नव्हतं. दोन पानं वाचली की पहिल्या पानावरचं निसटून जायचं आणि त्या पुन्हा मागे यायच्या. ज्या बाईनं जन्मभर पुस्तकं शिकवली, ती आता एकच गोष्ट चारचारदा उघडून शेवटी मिटून ठेवत होती. डॉक्टर ओकाफोर म्हणाल्या, त्यासाठी लागतात तेवढ्या पेशी जाग्या झाल्याच नसतील. कशामुळे, हे कोणीच सांगू शकणार नाही. ऋजुता पडद्यासमोर बसून ऐकत होती. खूण दाबायला लावलेले दिवस तिनं बोटांवर मोजले.

एका रविवारी जेवताना शैलजाबाई निनादला म्हणाल्या, "माधवला फोन लाव. कितीतरी दिवसांत त्याचा आवाज ऐकला नाही."

माधव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो दोन वर्षांपूर्वी मिरजेत वारला होता. तेव्हा त्यांना ते सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. कारण दर वेळी त्या विसरत आणि दर वेळी नव्यानं कोसळत. शेवटी निनादनंच ठरवलं की आता सांगायचं नाही. विचारलं तर मामा गावाला गेलाय म्हणायचं.

निनादनं ऋजुताकडे पाहिलं, मग ताट उचललं आणि "आलोच" म्हणून स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बंद होईना.

"काय झालंय?" शैलजाबाईंनी विचारलं.

"मामा गेले, आई," ऋजुता म्हणाली. "दोन वर्षं झाली. हृदयविकारानं. त्रास झाला नाही फार."

शैलजाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. त्या म्हणाल्या, "मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. तीनदा."

"मग मी काय केलं?"

"रडलात."

"कुठे?"

प्रश्न विचित्र होता, पण ऋजुताला तो समजला. "खाली, तुमच्या खोलीत. माझ्या मांडीवर डोकं ठेवून."

शैलजाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःखापेक्षा वेगळं होतं. आपण झोपेत असताना कोणी खोलीत येऊन गेलं, हे नंतर कळावं तसं. त्या उठल्या, हात धुतले आणि खाली गेल्या. त्या दिवशी त्या वर आल्या नाहीत.

चार दिवसांनी त्यांनी सांगितलं की त्यांना मिरजेला जायचंय. माधवची बायको, सुधावहिनी, तिथे एकट्या होत्या. त्यांनी केव्हापासून बोलावलं होतं. निनाद हादरला. "आत्ता कुठे तू बरी झालीस, आई. इथे डॉक्टर आहेत, ही यंत्रणा आहे."

"मिरजेतही हवा आहे, निनाद."

तो वर येऊन ऋजुतावर चिडला. "तू एक शब्द बोलली नाहीस. तुला ती जायलाच हवी आहे ना?"

"त्यांना जायचंय," ऋजुता म्हणाली. "चार वर्षं त्यांचं सगळं आपणच ठरवलं."

पुढचे दोन दिवस त्या दोघांत कामापुरतंच बोलणं झालं.

निघायच्या दिवशी सकाळी निनाद गाडीवरचा बर्फ काढत होता. ऋजुता खाली बॅग भरायला मदत करत होती. साड्यांच्या घड्या घालून झाल्यावर शैलजाबाई खुर्चीत बसल्या. "तुम्हीही बसा जरा."

ऋजुता पलंगाच्या कडेला बसली.

"मला थोडं आठवतं," त्या म्हणाल्या. "सगळं नाही. तुमचा हात आठवतो, केसांत. आणि मला खूप बरं वाटायचं, तेही आठवतं. तुम्हाला मी काही बोलले असेन."

"हो."

"ते माझ्या मनातलं होतं की त्या विषाचं, हे मला सांगता येत नाही. मी पुष्कळ विचार केला. ते मला आता जमत नाही, ऋजुता. मी प्रयत्न करून पाहिला. परवा तुम्ही चहा आणलात, तेव्हा हात पुढे करावा असं वाटलं. झाला नाही."

"मला माहितेय."

"त्या बाईला तुम्ही जसं सांभाळलंत, तसं मला सांभाळलं असतंत का?"

"तुम्ही सांभाळू दिलं नसतंत," ऋजुता म्हणाली. आणि मग, न ठरवता, ती बोलून गेली. "आई, डॉक्टरांनी सांगितल्यावर ती हवा मी लगेच सुरू केली नाही. आठवडाभर थांबले. निनादला खोटं सांगितलं. तुम्ही मला तू म्हणत होतात, ते जाईल म्हणून. तुमचं वाचायचं राहिलंय, ते कदाचित त्यामुळेच असेल."

वर दार उघडलं, पुन्हा लागलं. शैलजाबाई तिच्याकडे पाहत होत्या. ऋजुतानं नजर खाली केली नाही. त्या आता काहीही म्हणाल्या तरी ऐकून घ्यायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"निनादला सांगितलंत हे?"

"नाही."

"सांगू नका. त्याला कळायचं नाही." त्या सावकाश उठल्या, बॅगेशी गेल्या आणि तिचं झाकण दाबून धरलं. "मला कळतं. माफ करता येईल की नाही, ते ठाऊक नाही. पण कळतं."

मग म्हणाल्या, "चेन लावा. मी धरलंय."

ऋजुता गुडघ्यांवर बसली आणि चेन ओढू लागली. ती कोपऱ्यावर अडकली, तेव्हा शैलजाबाईंनी अंगाचा सगळा भार झाकणावर टाकला आणि दोघींनी मिळून ती बंद केली.

मिरजेहून आता दर रविवारी फोन येतो. आधी निनाद बोलतो, बराच वेळ, औषधांबद्दल आणि उन्हाबद्दल. मग त्या म्हणतात, "ऋजुताला दे." ऋजुता फोन घेऊन जिन्यात जाऊन बसते. शैलजाबाई विचारतात, तिकडे थंडी किती, ऋजुता सांगते. सुधावहिनी रोज त्यांना एक प्रकरण वाचून दाखवतात. आदल्या दिवशीचं आठवत नसलं की आधी तेच पुन्हा वाचतात, असं शैलजाबाई सांगतात. त्यात तक्रार नसते, नुसती माहिती असते. ऋजुता ते शेवटपर्यंत ऐकते. मग फोन ठेवायची घाई दोघींपैकी कोणीच करत नाही.